माझं उत्तर जसंच्या तसं ढापलंय, काय करता येईल?

कोयनाकाठ:
तातडीने मदत हवी आहे. डेटाबेसबद्दलच्या एका प्रश्नाला मी लिहिलेलं उत्तर एका साइटने अक्षरन् अक्षर छापलंय. खाली भलत्याचंच नाव, आजूबाजूला जाहिराती. उदाहरणातलं टेबल आमच्या गावच्या डेअरीचं होतं, म्हशीचं दूध, फॅट 6.8 वगैरे. एका कॉलमच्या नावात माझ्याकडून अक्षर राहिलं होतं, त्यांच्याकडेही राहिलंय! मेल टाकून चार दिवस झाले. केस करू का?

पुणेरी_जिलबी:
मूळ कुठे लिहिलं होतं? ब्लॉग? आणखी कुठे? कधी? आम्ही ज्योतिषी नाही हो.

निवृत्त_नाझर:
आधी कॉपीराइटची नोंदणी करा. नोंदणी नसेल तर कोर्ट दारात उभं करत नाही.

सातवा_घोट:
नाझरसाहेब, असं काही नाही. 1957 च्या कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, लिहिलं की हक्क तयार. मुंबई हायकोर्टानेही 2021 मध्ये हेच सांगितलंय. नोंदणी पुराव्याला बरी, एवढंच.

निवृत्त_नाझर:
कोर्टात चाळीस वर्षं मी काढलीत, तुम्ही नाही.

कोयनाकाठ:
सांगायचं राहिलं. स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, 2019 मध्ये.

पुणेरी_जिलबी:
अहो, सगळी मेख तिथेच आहे! तिथलं लेखन क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए परवान्याखाली असतं, मे 2018 पासूनचं त्याच्या 4.0 आवृत्तीखाली. तुमचं नाव, मूळ लिंक आणि परवान्याचा उल्लेख केला तर कुणीही छापावं, वर जाहिरातींचे पैसेही कमवावेत. म्हणजे 'कॉपी केली' ही तक्रार टिकणार नाही, 'नाव गाळलं' ही टिकेल. नाव गाळलं की परवाना आपोआप संपतो. मात्र चूक लक्षात आल्यापासून 30 दिवसांत सुधारली तर तो परत लागू होतो. तुम्ही मेलमध्ये काय लिहिलंत?

कोयनाकाठ:
'चोरांनो, ताबडतोब काढा.'

सातवा_घोट:
😀 साइटशी भांडण्यात वेळ घालवू नका. सर्व्हर अमेरिकेत असेल तर होस्टिंगवाल्याला डीएमसीए (तिथला कॉपीराइट कायदा) नोटीस द्या, सोबत गुगलचा कॉपीराइटचा फॉर्म भरा. माझं लेखन ढापलेली तीन पानं अशीच गुगलच्या शोधातून गेली. लेखनाचा हक्क तुमच्याकडेच आहे, त्यामुळे नोटीसही तुम्हीच द्यायची, स्टॅक ओव्हरफ्लो देणार नाही.

पुणेरी_जिलबी:
आधी नाव मागा. नोटिशीवर सही करताना मालक आपणच, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. उगाच तलवार उपसू नका.

सातवा_घोट:
नाव मागत बसलात तर वर्ष जाईल.

अर्धा_कप:
फुकट लिहायचंच कशाला मुळात? लष्कराच्या भाकऱ्या! आता तर एआयवाले सगळं गिळून बसलेत, आपण कोण विचारणार.

पुणेरी_जिलबी:
त्यासाठी वेगळा धागा काढा. कोयनाकाठ, उत्तरातली क्वेरी (टेबलमधून माहिती काढायची आज्ञा) तरी तुमचीच ना?

कोयनाकाठ:
क्वेरी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मॅन्युअलमधली, मी टेबल बदललं. पण समजावणं पूर्ण माझं.

पुणेरी_जिलबी:
आणि मॅन्युअलची लिंक?

कोयनाकाठ:
…आत्ता टाकली. मेलही पुन्हा पाठवतोय, नाव आणि लिंक द्या असा. 30 दिवस बघतो, मग फॉर्म.

म्हैसाळकर:
6.8 फॅटला काय दर देतात हो तुमच्याकडे?