खडखड आली की अख्खं फ्रंटच बदलायचं?

विजापूर रोडकर
काल सोलापूरच्या या फोरमवर एकानं ठणकावून लिहिलंय: "गाडीला पंधरा वर्षं झाली की आवाजाची वाट बघू नका. लोअर आर्म, टायरॉड एंड, रॅक एंड, शॉकअप, माउंट, सगळं दोन्ही बाजूंचं एकदम टाका आणि मोकळे व्हा." म्हणजे पुढच्या चाकांना धरणारे, वळवणारे, धक्के झेलणारे सगळेच पार्ट. त्याखाली "शंभर टक्के खरं" म्हणणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

माझ्याकडे २००५ची मारुती ८०० आहे. ब्रेक मारला की डावीकडून 'खट्ट'. एका गॅरेजात नेली, तर मिस्त्रीनं गाडी जॅकवर न घेताच हीच यादी हातात ठेवली. अहो, चाक उचला तरी! उचललेलं चाक घड्याळातल्या तीन-नऊवर धरून हलवा. प्ले लागला, म्हणजे ढिलं हललं, तर टायरॉड एंड नाहीतर रॅक एंड, चाक वळवणाऱ्या दांड्याची टोकं. बारा-सहावर हलतंय तर लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. मग दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट. याला ना मशीन लागतं ना कॉम्प्युटर.

माझं काय निघालं? स्टॅबिलायझर बारचे बुश, म्हणजे पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या सळईची रबरं. ८००मध्ये लोअर आर्मला पुढं-मागं सरकू न देण्याचं काम हा बारच करतो. बुश मेले की ब्रेकला आर्म सरकतो, खट्ट वाजतं, गाडी ओढते. दोन रबरांचं काम. आणि त्या लांबलचक यादीत नेमकी तीच नव्हती!

कडक भाकरी
ते लिहिणारा मीच. नाव घेऊन बोला की, भ्यायला काय झालं?

तुमची दोन रबरं तुम्हाला लखलाभ. टायरॉडची गोळी सॉकेटमधून निसटली की ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, मनाला येईल तिकडं वळतं. मोहोळच्या पुढं माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं हेच झालं. वेग कमी होता म्हणून गाडी उसात जाऊन थांबली. आधी महिनाभर तोही म्हणत होता, "थोडाच प्ले आहे, चालतंय."

शिवाय मजुरीचा हिशोब करा. आज आर्म काढला, दिवाळीला शॉकअप, गड्ड्याच्या यात्रेला टायरॉड. दर वेळी तेच नट खोला, तीच मजुरी द्या, वर अलाइनमेंट. वाचवलं काय?

एमएच तेरा
अलाइनमेंटचं नाव काढलंत म्हणून बोलतो. माझ्याकडे पण ८००च. बिलावर 'कॅम्बर-कॅस्टर सेटिंग', म्हणजे चाकाचा कल लावायचं काम, लावलेलं. या गाडीत फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर तेवढंच, सेट होतो, टायरॉडचे आटे फिरवून. कॅम्बर-कॅस्टर फिरवायला बोल्टच दिलेला नाही. मग पैसे कशाचे? विचारलं तर पोरगा स्क्रीनवरचे हिरवे आकडे दाखवतो. खालचा बुश फाटका असताना हिरवे आकडे घेऊन चाटायचेत का? आधी पार्ट, मग अलाइनमेंट, हा क्रम सांगणारं कुणी भेटलं नाही.

लेथवाला
दोघं भांडा निवांत, पण बुश टिकत का नाहीत ते ऐका. आमच्याकडे अक्कलकोट रोडला आर्म घेऊन येतात, बुश प्रेस करून नेतात आणि सहा महिन्यांत परत. "रबर डुप्लिकेट दिलं" म्हणून शिव्या आम्हाला. चूक बसवण्यात असते. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय आणि हे आर्मचा बोल्ट करकचून आवळतात. मग गाडी खाली घेतली की रबर तिथंच पिळलेलं राहतं, प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. बोल्ट हातानं लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची, मग फायनल टाइट. नट अडकवून धरणारी स्प्लिट पिन दर वेळी नवी. आणि टायरॉड काढताना किती आटे आत होते ते मोजलं, तर गाडी निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ जाते.

एमएच तेरा
हे मान्य. पण मुळात पार्ट जातात कशानं? स्पीडब्रेकरनं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, ताशी २५ किमीला आरामात पार व्हावा असा. आपल्याकडे म्हशीच्या पाठीगत. ना पट्टे, ना बोर्ड. रात्री दिसतो तेव्हा पुढची चाकं पलीकडं गेलेली असतात.

जुळे सोलापूर
आमच्या गल्लीतला आम्हीच वर्गणी काढून टाकलाय. माझ्या मुलीला बाइकनं उडवलं त्यानंतर. तुमच्या बुशसाठी काढायचा का?

एमएच तेरा
ताई, मुलीबद्दल वाईट वाटलं. पण मापात टाकला असता तरी वेग कमी झालाच असता. त्याच गल्लीतून अँब्युलन्सही जाते, पेशंटच्या कंबरेचं काय?

जुळे सोलापूर
मापात टाकलेला आहे पुढच्या चौकात. पोरं त्यावरून पन्नासनं उडत जातात. कागदावरची मापं कागदावर ठेवा.

कडक भाकरी
पाण्याच्या लाइनला खोदून वर नुसती माती लोटलेले रस्ते कुणी मोजत नाही. पाणी काही दिवसांनी एकदा, धूळ रोज.

सध्या पुणे
एवढा खर्च कशाला? पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी २०२२मध्ये पाच हजार झाली. विकून टाका, सीएनजी घ्या. इकडे अशा गाड्या आता दिसतपण नाहीत.

विजापूर रोडकर
आलं बे पुण्याचं पार्सल. पाच हजार हे पाच वर्षांचे, तुमच्या एका हप्त्यात जातील. आणि तिकडे दिसत नाहीत कारण तुम्ही विकलेल्या इकडे येतात, फ्रंट खिळखिळं करून.

सध्या पुणे
गावाची काळजी म्हणून लिहिलं. पुन्हा नाही लिहीत.

एमएच तेरा
दर वेळी हेच म्हणतोस.

कडक भाकरी
विषयावर या. शॉकअपचं काय करणार? एकच टाकणार का, चाक हलवून बघून?

विजापूर रोडकर
शॉकअप जोडीनंच. एकीकडे नवा आणि दुसरीकडे तेल गळणारा ठेवला तर ब्रेकला गाडी तिरकी बसते. एवढं तुमचं खरं, धरा. सोबत माउंटही, शॉकअप वर जिथं बसतो तो, बघावा, कारण तो काढायला पुन्हा स्प्रिंग दाबावीच लागते. पण उजव्या टायरॉडला प्ले नाही, तो मी टाकणार नाही.

लेथवाला
त्याचं गोळीवरचं रबर बूट कसं आहे?

विजापूर रोडकर
फाटलंय. पण प्ले नाही.

कडक भाकरी
फाटलंय! म्हणजे ग्रीस बाहेर, धूळ आत. आणि हे तीन-नऊवर चाक हलवत बसलेत.

विजापूर रोडकर
बूट सुटं मिळतं. नवी पेठेत बघतो उद्या.

कडक भाकरी
बघा. आत गेलेली धूळ पण सुटी काढून देतात का तेवढं विचारा.