मणिपूरच्या पाकिटावरून कुरकुरणाऱ्यांना

केळबागवाला
काल वसईतल्याच एकाने लिहिलं, "नाताळाला पुन्हा मणिपूरचं पाकीट. आधी आपल्या वाडीतलं बघा, तिकडचं सरकार बघेल." मणिपूरच्या विस्थापितांसाठी चर्चमध्ये वर्गणीचं पाकीट निघतं, त्यावर ही कुरकुर. वाचल्यापासून डोकं ठणकतंय.

3 मे 2023 ला तिथे मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसाचाराची आग लागली. आता 2024 चा नाताळ आला. अडीचशेहून जास्त माणसं गेली आणि 60 हजारांच्या आसपास घर सोडून बसलीत. इंफाळमधले कुकी डोंगरात, चुराचांदपूरमधले मैतेई खोऱ्यात, मध्ये जवानांचा पहारा. स्वतःचं घर उभं आहे की नाही हेही जाऊन बघता येत नाही. शिबिरात डाळभात मिळतो, मान्य. पण पोराची फी? थंडीतलं पांघरूण? चुराचांदपूरच्या पेशंटला इंफाळचं मोठं हॉस्पिटल जवळ असूनही जाता येत नाही, शेजारच्या मिझोराममधल्या ऐझॉलपर्यंत डोंगरातून न्यावं लागतं. त्या गाडीचं भाडं कोण देणार?

आपण गोठ्यात बाळ ठेवतो. त्याच बाळाला घेऊन योसेफ-मरिया जीव वाचवायला रातोरात मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळाले होते. गोठ्याच्या लायटिंगला वाडीवाडीत वर्गणी निघते, तेव्हा कुणी कुरकुरत नाही.

वाडीवाला
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. जुलै 2018 ला आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, म्हातारीला टेबलावर खुर्ची ठेवून बसवलं होतं. तेव्हा कुठल्या चर्चमधून पाकीट आलं? वहिनीचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. मदत मागितली तर एकदा 2 हजार दिले, वर फॉर्म भरायला तीन खेपा. आणि गेल्या वर्षीच्या मणिपूरच्या पैशांचा हिशोब कुणी ऐकलाय?

दर्याची लेक
हिशोबाचं सोडा, नावांचं बोला. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की देणाऱ्यांची यादी वाचतात. अमुक 10 हजार, तमुक 5 हजार, मग फळ्यावरही लावतात. माझ्या आईने सुकट विकून 100 रुपये टाकले, ती 'इतर' मध्ये गेली. घरी येऊन म्हणाली, "पुढच्या वेळी टाकू की नको?" उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे त्याच वेदीवरून वाचतात ना?

जुना खजिनदार
पोरी, 14 वर्षं मी ती नाणी मोजलीत. एक वर्ष नावं वाचली नाहीत तर गावभर झालं की फादरनी आणि मी पैसे खाल्ले. माझ्या मुलाच्या लग्नाच्या मांडवात एकाने तोंडावर विचारलं. तेव्हापासून नावं वाचतो. तुम्हाला बोलायला काय जातंय!

दर्याची लेक
काका, तुमच्यावर आळ घेतला ते वाईटच. पण त्याची शिक्षा माझ्या आईला का? पावती द्या, एकूण रक्कम फळ्यावर लिहा, कुणाला पाठवली ते लिहा. आळही येणार नाही आणि 'इतर'ही उरणार नाहीत.

जुना खजिनदार
100 रुपयांची पावती फाडायला रविवारी कोण बसणार? तू येतेस?

दर्याची लेक
येते. या रविवारपासून. टेबल मांडून ठेवा.

वाडीवाला
म्हणजे हिशोबाचं मी म्हणत होतो ते खरंच निघालं.

नर्सबाय
नाव-पावतीत मूळ गोष्ट राहिली. आमच्या वॉर्डात एक कुकी आणि एक मैतेई सिस्टर आहेत. आधी एका डब्यात जेवायच्या. त्या मे महिन्यानंतर एक बारा वाजता जेवते, दुसरी एक वाजता. कुकी मुलीचं इंफाळचं घर जळलं. पळताना बापाने तिची नर्सिंगची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत धरली, जमिनीचे कागद कपाटातच राहिले. आई दोन दिवस एकच विचारत होती, गॅस बंद केला होता का. पैसे जमवा, पण दोन्हीकडच्या शिबिरांत पाठवा.

केळबागवाला
बाय, इथे मी थांबतो. कुकी आपल्यासारखे ख्रिस्ती, चर्च आपली जाळली. आधी आपल्या माणसांना द्या.

नर्सबाय
दादा, मैतेईंमध्येही ख्रिस्ती आहेत, खोऱ्यात त्यांचीही चर्च जळली. आणि नसते ख्रिस्ती, तरी काय? त्या मैतेई सिस्टरचे आजी-आजोबाही शाळेच्या वर्गात झोपलेत. मिसर देशात पळालेल्यांची गोष्ट तुम्हीच काढलीत. तिथे त्यांना जागा देणारे कोण होते?

केळबागवाला
हे मला पटायला जड जातंय. पण तुझ्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी फादरांना विचारतो, दोन्हीकडे पाठवता येतं का.

जुना खजिनदार
ते मी विचारलंय, येतं. मध्यरात्रीच्या मिस्सेला नावं वाचायची नाहीत, एवढंही फादरांनी मान्य केलं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

वाडीवाला
ठीक आहे, 500 टाकतो, पावती घेऊन. नर्सबायच्या त्या बापासाठी टाकतोय. पण एवढं सगळं बोललात, वहिनीच्या डायलिसिसबद्दल तुमच्यातल्या एकानेही अक्षर काढलं नाही. उद्या सकाळी सहाला पुन्हा न्यायचंय.