मदत हवी आहे: प्रोटीनवाल्या मक्यात प्रोटीनच नाही, टोकण तोंडावर

शिवार_विटा:
प्रोटीनवाला मका म्हणून महागाचं बी आणलं होतं. त्याचंच घरचं बी धरून परत केला. दाणे लॅबला दिले तर प्रोटीन ९ टक्के. साधा मकाही तेवढाच भरतो म्हणे! वर कणसं बारकी, शेंड्याला दाणाच नाही. आता आमच्या जुन्या पांढऱ्या मक्याशी संकर करून ताकदीचं बी तयार करायचं डोक्यात आहे. ओळीआड ओळ टोकू का? पाऊस तोंडावर आलाय. ‘कृषी सहायकाला भेटा’ असलं लिहू नका, भेटून झालंय.

माणदेशी_गडी:
जात कुठली? संकरित का सुधारित? शेजारी काय आहे? मका कशाला पाहिजे? काहीच लिहायचं नाही आणि वर घाई.

वाळवा_ऊसवाला:
डोळे झाकून आफ्रिकन टॉल करा. डोक्याच्या वर जातो. दाणा चिकात असताना कापून मुरघास भरा. आमच्या गाई बाकी कशाला तोंड लावत नाहीत.

शिवार_विटा:
चारा कोण म्हणालं? गावरान कोंबड्यांना भरडा घालायचाय. पिशवी कवाच गेली. टॅगवर क्यूपीएम असं काहीतरी होतं.

आष्टा_पोल्ट्री:
कोंबड्यांसाठी एवढा उपद्व्याप? लायसीन, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, बाजारात तयार मिळतं. खाद्यात मिसळा, विषय संपला.

शिवार_विटा:
तुमचं खाद्य, तुमचं औषध, तुमची पिल्लं. ते नकोय म्हणून तर घरचा मका.

निवृत्त_बियाणेवाला:
क्यूपीएम म्हणालात तेव्हा उलगडा झाला. क्वालिटी प्रोटीन मेझ, म्हणजे चांगल्या प्रतीच्या प्रोटीनचा मका. लॅबनं चुकीचं काही सांगितलेलं नाही. या मक्यात एकूण प्रोटीन वाढतच नाही, साध्याइतकंच असतं. वाढतात ते त्यातले लायसीन आणि ट्रिप्टोफॅन हे दोन घटक, जवळपास दुप्पट. साध्या मक्यात नेमकी हीच दोन कमी असतात, म्हणून नुसत्या मक्यावर पिल्लू वाढत नाही. लॅबवाले नायट्रोजन मोजून प्रोटीन काढतात, त्यात हा फरक दिसणार नाही. ट्रिप्टोफॅनची तपासणी मागा.

हा गुण ओपेक-२ नावाच्या जनुकाचा. १९६४ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठानं तो जाहीर केला. पण तो दाणा खडूसारखा मऊ, वजनाला हलका, किडीला सोपा. तो टणक करायला मेक्सिकोच्या सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेत सुरिंदर वसल आणि इव्हान्जेलिना विलेगास यांनी वर्षानुवर्षं निवड केली, २००० चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला.

आता एक सांगा, तुमच्या पांढऱ्या कणसात मधेच पिवळे दाणे येतात का?

शिवार_विटा:
येतात की. दरसाल. आई ते वेचून बाजूला काढते. पण त्याचा इथं काय संबंध?

देशी_बी_बचाव:
संबंध हाच की कंपनीचं बी शिवारात आलं की गावरान बाटतं. हा क्यूपीएम जीएम, म्हणजे लॅबमध्ये जनुक बदललेला असणार, लिहून घ्या.

निवृत्त_बियाणेवाला:
@देशी_बी_बचाव जीएम नाही. आपोआप झालेला बदल आहे, नेहमीच्या संकरानं इतर वाणांत आणलेला.

@शिवार_विटा, ते पिवळे दाणे म्हणजे शेजाऱ्याच्या तुऱ्याचा पराग. पिवळा रंग प्रभावी, त्यामुळं त्याच हंगामात दाण्यावर दिसतो. क्यूपीएमचं उलटं. तो गुण अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोन्हीकडून आला तरच दिसतो; साध्या मक्याचा पराग पडला की तो दाणा साधाच होतो, आणि रंग दोन्हीचा पिवळा असल्यामुळं वेचून काढता येत नाही. ते दाणे परत पेरले की पुढच्या साली भेसळ आणखी वाढते. शेजारी सगळीकडं साधा मका असेल तर दोन पिढ्यांत बराच गुण उडाला असणार. एक ओळ पांढरा मका मधे लावून बघा, त्यात जेवढे पिवळे दाणे भरतील त्यावरून शेजारचा पराग किती येतो याचा अंदाज येईल. मात्र क्यूपीएमही पिवळाच, तेव्हा ती ओळ त्याच्या लगत नको, बांधाकडं ठेवा.

महागाचं बी म्हणजे संकरितच असणार, कणसं बारकी पडली ती त्याची दुसरी पिढी म्हणून. त्याला इलाज नवी पिशवी.

माणदेशी_गडी:
मोबाईलची बॅटरी लावून दाणा बघितला तर कळतं म्हणे, पांढुरका दिसला की क्यूपीएम.

निवृत्त_बियाणेवाला:
अर्धवट कळतं. चांगला टणक क्यूपीएम दाणा काही भागात पारदर्शक, काही भागात धुरकट दिसतो. नुसत्या त्यावर बी धरू नका.

आष्टा_पोल्ट्री:
मग गडद केशरी दाणे निवडा की. जीवनसत्त्व अ भरपूर, बलकही लालबुंद.

निवृत्त_बियाणेवाला:
बलक रंगेल, पण तो रंग बहुतेक ल्युटीन आणि झिअॅझँथिनचा, त्यांच्यापासून जीवनसत्त्व अ बनत नाही. ते बनतं बीटा कॅरोटीनपासून. ते टिकवून ठेवणारा जनुकाचा प्रकार मोजक्याच वाणांत सापडतो, दुनियाभरचे मके तपासले तेव्हा हाती लागला. त्यावरून दिल्लीच्या पुसा संस्थेनं २०१७ मध्ये विवेक क्यूपीएम ९ सुधारित आणला, लायसीनही आहे आणि अ-ही आहे. नुसतं डोळ्यानं निवडून ते जमलं नसतं.

तासगावची_सून:
कोंबड्यांचं सोडा, माणसांचंही बघा. मेक्सिकोत मका चुन्याच्या निवळीत शिजवतात, तेव्हा त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. नाहीतर फक्त मक्यावर राहणाऱ्याला त्याच्या कमतरतेचा पेलाग्रा हा आजार होतो. पांढऱ्या मक्याच्या कण्या ताकात कालवून खाऊन बघा, भात विसराल.

वाळवा_ऊसवाला:
ताई, आमच्या गाईंना क्यूपीएम घातला तर दूध वाढेल का?

निवृत्त_बियाणेवाला:
फार फरक नाही. पोटातले जंतूच प्रोटीन फोडून आपल्या पद्धतीनं परत बांधतात. उपयोग कोंबडी, डुक्कर आणि माणसाला.

शिवार_विटा:
बरं, मूळ प्रश्न. पांढऱ्याशी संकर करू का नको?

निवृत्त_बियाणेवाला:
नको. पहिल्या पिढीत सगळे दाणे साधेच येणार, दुसऱ्या पिढीत चारात एक क्यूपीएमचा, आणि तो ओळखायला लॅब. ते संशोधन केंद्राचं काम, घरच्या वाफ्याचं नाही. पांढरा मात्र वेगळा सांभाळा. त्याचं बी किती कणसांचं धरता?

शिवार_विटा:
टपोरी बघून पाच-सहा.

निवृत्त_बियाणेवाला:
तिथंच मेख आहे. मका परपरागीत, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागावर भरणारं पीक, एवढ्याशा कणसांवर आलात की चार सालांत वाण खुजा होतो. रानभर फिरून शंभरेक झाडांचं एकेक कणीस घ्या, मूठमूठ दाणे काढून एकत्र करा. बारकं कणीसही येऊ द्या, त्यात काय दडलंय ते आज दिसत नसतं. १९७० ला अमेरिकेत एकाच आईपासून आलेल्या वाणांवर बहुतेक रान लावलं होतं, करप्यानं देशाचा पंधरा टक्के मका गेला.

देशी_बी_बचाव:
बघा, मी हेच म्हणत होतो.

माणदेशी_गडी:
तुम्ही जीएम म्हणत होता.

शिवार_विटा:
क्यूपीएम नवा आणतो, पण चहूबाजूला लोकांचा मका. किती लांब ठेवायचा?

निवृत्त_बियाणेवाला:
बियाण्याला दोनशे मीटर धरतात. जमत नसेल तर शेजाऱ्यापेक्षा तीन-चार आठवडे मागंपुढं टोका, तुरे एकावेळी येऊ देऊ नका. कडेच्या पाच-सहा ओळी बाजारात घाला, आतला कोंबड्यांना. पिशवीसाठी कोल्हापूरच्या मका संशोधन केंद्रात विचारा.

शिवार_विटा:
पाऊस माझ्या सोयीनं पडतो होय?

माणदेशी_गडी:
टेंभू उपसा योजनेचं पाणी आहे ना तुमच्याकडं. आमच्याकडं तेही नाही.

वाळवा_ऊसवाला:
टेंभूचं पुढचं आवर्तन कधी सुटणार, कुणाला माहितीय का? मेव्हण्याचं रान आहे तिकडं.