स्पाच्या सहलीत मित्रमैत्रिणींसोबत काय काय खाल्लंत? या, सांगा!

जाईजुई, पुणे

गेल्या महिन्यात आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी मुळशीकडच्या एका आलिशान आयुर्वेदिक रिसॉर्टवर दोन रात्री राहून आलो. अभ्यंग झालं, शिरोधारा (कपाळावर तेलाची संथ धार) झाली, अंगातला शीण गेला. पण पौडच्या रस्त्याने परतताना गाडीत विषय एकच: जेवण.

पहिल्याच दिवशी वैद्यबाईंनी नाडी बघून कोणी काय खायचं, काय टाळायचं ते सांगितलं. चहा-कॉफी बंद. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी, घोसाळ्याची भाजी, आंबेमोहोराचा भात, पुदिन्याचं ताक, आणि रात्री दिवेलागणीलाच मुगाचं कढण. वाचायला साधं वाटेल. पण अंगात तेल जिरलंय, वाफ घेऊन झालीय, पोटात कडकडून भूक, अशा वेळी झाकण उघडलं की आंब्याच्या मोहोराचा तो वास! तांदूळ तिथल्याच खाचरांतला.

आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात. आमच्यातली एक 28 वर्षं एकत्र कुटुंबात सगळ्यांना वाढून मग स्वतः जेवते. तिने फुगलेली भाकरी मोडली, वाफ बाहेर आली, आणि म्हणाली, "अगं, अशी गरम भाकरी मी शेवटची कधी खाल्ली, आठवतच नाही." आम्ही तिच्यासाठी आणखी एक मागवली. मग आणखी एक.

म्हणून हा धागा. तुम्ही कुठेही गेला असाल, तिथलं खाणं सविस्तर लिहा. सोबत कोण होतं तेही.

नाशिककर

आम्ही तिघी नणंद-भावजया, पण आता मैत्रिणीच. केरळात कुमरकोमला गेलो होतो, जुलैअखेरीस. तिकडे तो कर्किडकम महिना, भर पावसाचा, आणि शरीराची काळजी घ्यायचा. या महिन्यात औषधी कंजी खातात. कंजी म्हणजे आपल्या कोकणातली पेजच, फक्त त्यात मेथ्या, जिरं, नारळाचं दूध आणि वैद्याने दिलेल्या वनस्पती. तांदूळ 'ञवरा' जातीचा. संस्कृतात ज्याला षष्टिक म्हणतात, साधारण 60 दिवसांत तयार होणारा, तो हाच.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तोच तांदूळ दुधात आणि काढ्यात शिजवून, त्याच्या पुरचुंड्या बांधून सकाळी आमचं अंग शेकलं होतं, आणि रात्री तोच वाडग्यात! फणसाच्या पानाचा द्रोणासारखा चमचा करून कंजी प्यायची. सोबत हिरवे मूग, पापड, खोबऱ्याची चटणी. बाहेर वेंबनाड तलावावर पाऊस कोसळत होता. धाकट्या जावेला आधी 'आजाऱ्याचं जेवण' वाटलं होतं. तिने तीन वाडगे घेतले.

थेम्सकाठची

आम्ही लंडनच्या पाच मराठी मैत्रिणी. डिसेंबरात इंग्लंडमधल्याच बाथ शहरात गेलो. जमिनीतून 46 अंशांचं पाणी वर येतं, रोमन लोकांनी त्यावरच स्नानगृहं बांधली. आताचा स्पा 2006 साली उघडला; गच्चीवरच्या गरम कुंडातून अंधारात शहराचे दिवे बघताना बोचरी थंडी फक्त नाकाला लागत होती.

बाहेर आलो ते थेट सॅली लन बन खायला. तळहातापेक्षा मोठा, हलका, अर्धा कापून भाजलेला, वर दालचिनीचं लोणी. स्नानानंतर गोड इतकं चांगलं का लागतं कोण जाणे, पण लागतं. दुसऱ्या दिवशी रोमन स्नानगृहांशेजारच्या पंप रूम नावाच्या जुन्या दालनात झऱ्याचं पाणी प्यायलो. कोमट, लोखंडासारखी चव. एकीने आईसाठी गंगाजलासारखं भरून न्यायची इच्छा बोलून दाखवली आणि आम्ही सगळ्याच गप्प झालो. तिची आई त्याच वर्षी गेली होती. मग परत बन खायला गेलो.

कोल्हापूरचा पाव्हणा

सगळेच अनुभव गोड नसतात. आम्ही मित्र कर्जतच्या बाजूला एका महागड्या ठिकाणी गेलो होतो. 'डिटॉक्स' म्हणून दोन दिवस हिरवे रस आणि कच्चं सॅलड. चहा नाही, म्हणून एकाचं डोकं भयंकर दुखलं, तरी स्वयंपाकघरातून साधी भाताची पेजही मिळेना. पैसे भरताना मेनू आधी मागून घ्या, एवढं कळकळीने सांगतो.

साकुरा_मराठी

टोकियोहून हाकोने, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथे गंधकाच्या वाफाळत्या पाण्यात उकडलेली अंडी मिळतात, कवच काळंकुट्ट, आत नेहमीसारखी पांढरी. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणतात. आम्ही दोघींनी दोन-दोन खाल्ली.

संध्याकाळी ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या कुंडात डुंबून, युकाता (सुती किमोनो) घालून खोलीतच काइसेकी जेवण: एकामागून एक लहान लहान वाडगे, भात आणि लोणचं सगळ्यात शेवटी. माझी मैत्रीण शाकाहारी. भाज्यांच्या रश्श्यातही बहुतेक वेळा माशाचा दाशी, म्हणजे मूळ अर्क, असतो, हे माहीत होतं म्हणून बुकिंगच्या वेळीच कळवलं होतं. त्यांनी तिच्यासाठी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके अळंबीचा वेगळा दाशी केला. वाढणाऱ्या आजी प्रत्येक वाडगा ठेवताना, यात मासा नाही, असं हातवारे करून सांगत होत्या. मैत्रिणीने शेवटी त्यांना वाकून नमस्कार केला, आपल्या पद्धतीने.

जाईजुई, पुणे

किती सुंदर लिहिताय सगळे! कढणाची कृती विचारलीत दोघींनी, ती देते. अर्धी वाटी हिरवे मूग कोरडेच जरा भाजून घ्या, पाच-सहा वाट्या पाण्यात अगदी मऊ शिजवा, घोटून गाळा. साजूक तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, किसलेलं आलं. ती फोडणी कढणावर. सैंधव, दोन आमसुलं, एक उकळी. उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा, आणि कढत असतानाच बसा.