सुईची ‘ओढ’ म्हणायचं की ‘घर्षण’?

टिळकवाडीकर:
मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्याकडं महिन्यातनं एकदा चार-पाच जण जुन्या रेकॉर्डी ऐकायला बसतो, कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आमच्या बेळगावातनं जवळच, त्यामुळं त्यांच्या रेकॉर्डी जास्त निघतात. ह्या मंडळींसाठी मराठीत एक पान लिहायला घेतलंय, प्लेअरचा स्पीड घरच्याघरी कसा तपासायचा त्यावर. सुई रेकॉर्डवर टेकली की फिरणारी थाळी जरा अडते आणि स्पीड पडतो, त्याला स्टायलस ड्रॅग म्हणतात. मी आधी ‘सुईचे घर्षण’ असं लिहिलं आणि परत वाचलं तर समाधान होईना. घर्षण म्हटलं की डोळ्यासमोर झीज येते, सुई झिजली, रेकॉर्ड घासली, आणि मला सांगायचंय ते थाळीच्या स्पीडबद्दल. पुस्तकात ‘कर्षण’ आहे, पण ते वाचून आमच्या बैठकीतल्या एकालाही काही कळणार नाही.

मोजलं कसं ते सांगतो, म्हणजे कुठला अर्थ पाहिजे ते ध्यानात येईल. 33⅓ ला, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेरे ह्या स्पीडला, एक फेरा 1.8 सेकंदात होतो, म्हणजे 100 फेरे बरोबर 180 सेकंदात. लेबलवर कागदाचा बारीक तुकडा चिकटवला, मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं आणि मोजत बसलो. सुई वर असताना 180.1 सेकंद, आणि पहिल्या गाण्यावर टेकवल्यावर 180.8. तीनतीनदा मोजलं, बोट थोडं पुढंमागं होतंच पण फरक तेवढाच येतो. म्हणजे नुसत्या सुईपायी जवळपास 0.4 टक्के गेले. आकडा एवढासा वाटतो खरा, पण गवई पेटीच्या ‘काळी एक’ ह्या पट्टीतच गायलाय अशी रेकॉर्ड लावून शेजारी पेटीचा सा धरला तर दोन सुरांत सेकंदाला एखादा हेलकावा ऐकू येतो, आणि एकदा ऐकू आला की मग कान तिथंच जातो.

खानापूरकर:
दादा, ह्याला आमच्यात शब्द आहे की. नांगर खोल गेला की बैलास्नी ओढ जड पडते म्हणतात. सुई म्हणजे फाळ, रेकॉर्डची खाच म्हणजे तास, नांगरानं पडलेली रेघ, आणि रेकॉर्डच्या एका बाजूला एकच तास असतोय बाहेरनं आतपर्यंत गोल गोल गेलेला. माती घट्ट लागली की ओढ वाढते तसं गाणं जोरात आलं, खाचेची वळणं मोठी झाली की सुईचीबी वाढणार. आणि पावसानं ओढ दिली म्हणतो त्यातही मागं राहण्याचाच भाव आहे. माझं मत ‘सुईची ओढ’.

निपाणीहून:
काका, शब्द छान आहे पण मला एक अडचण दिसते. ओढ म्हणजे माहेरची ओढ, पाण्याची ओढ, ती कुठल्यातरी दिशेला नेते. सुईला ओढ आहे म्हटलं तर वाचणारा विचारेल कुणीकडं? आणि खरंच सुईला तशी दुसरी एक ओढ असतेच की, सुई ज्या दांडीला असते त्या आर्मचं टोक वाकडं बसवलेलं असतं म्हणून चालू रेकॉर्डवर ती मधल्या खिळ्याकडं जाऊ बघते, ते थोपवायलाच तर अँटी-स्केटिंगची सोय दिलेली असते. दोन्हींना ओढ म्हटलं तर पानावर घोटाळा होईल. ‘आतली ओढ’ म्हणून तो शब्द त्या दुसऱ्यासाठी राखून ठेवावा असं मला वाटतं.

उद्यमबागवाला:
मी लेथवर काम करतो. जॉबला टूल टेकवलं की मोटरवर लोड येतो, बेल्ट ढिला असला तर चक हळू होतं, आमच्यात ‘आरपीएम पडला’ म्हणतात. तेवढाच कट मोठ्या डायमीटरवर घेतला तर लोड जास्त, लहानावर कमी. तुमच्या रेकॉर्डलाबी हाच हिशेब लागणार. सुईचं वजन 2 ग्रॅम धरा, अडथळा अदमासे त्याच्या पाव हिश्श्याएवढा, म्हणजे अर्धा ग्रॅम. बाहेरच्या कडेला मधल्या खिळ्यापासनं अंतर साडेचौदा सेंटीमीटर, शेवटी सहा. जोर तोच, पण अंतर निम्म्याहून कमी झालं की थाळीला होणारा अडथळापण निम्म्याहून कमी. ‘सुईचा लोड’ म्हणा की सरळ.

टिळकवाडीकर:
दादा, हिशेब पटला, पण लोड म्हटलं की आमची मंडळी सुईचं वजनच समजतात, ते 2 ग्रॅम. तोच घोटाळा परत.

शहापूरहून:
आमच्या शेजारच्या कन्नड मावशींना विचारलं, त्या ‘एळेत’ म्हणाल्या, म्हणजे ओढच. निपाणीच्या ताईंची शंका मात्र राहतेच.

टिळकवाडीकर:
रात्रभर डोक्यात तेच होतं. सकाळी गाडी गॅरेजला नेली, मेकॅनिक चाक हातानं फिरवून म्हणाला, ‘मागचा ब्रेक धरूलाय बघा.’ तिथंच सापडलं. नाम कशाला शोधत बसायचं, आपल्याकडं क्रियापद आहे. सुई धरते. चाक फिरायचं थांबत नाही, पण कोणीतरी हात लावून ठेवल्यासारखं जड होतं, ते ‘धरते’ मध्ये बरोबर येतं, आणि मधल्या खिळ्याकडं जाण्याशी त्याचा काही संबंध लागत नाही. घर्षण हे कारण, धरणं हा परिणाम, दोन्ही शब्द आपापल्या जागी राहू देत. नाम लागलंच तर ‘सुईची धर’ लिहीन, कानाला नवीन आहे पण अर्थ चुकत नाही.

मोजायच्या भागातही मग वाक्यं सोपी झाली. कडेला रेघा असलेली चकती दिव्याखाली बघायची जुनी पद्धत आहे ना, दिवा विजेबरोबर लुकलुकतो म्हणून स्पीड बरोबर असला की रेघा थांबल्यासारख्या दिसतात, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेला 33⅓ साठी 180 रेघा लागतात. सुई वर असताना रेघा जागच्या जागी, टेकवली की हळूहळू मागं सरकतात, म्हणजे सुई धरते ते डोळ्यानं दिसतं. मात्र एलईडी बल्ब पुष्कळदा तसे लुकलुकत नाहीत, आणि वीज स्वतःच 49.90 ते 50.05 च्या मध्ये हलत असते, म्हणून 0.2 टक्क्यांच्या आतला वाद ह्या चकतीवर सोडवू नये. मोबाईल थाळीवर ठेवून अ‍ॅपवर स्पीडचा आकडा घेणाऱ्यांनी तर एवढं लक्षात घ्यावं की तेव्हा सुई वर असते, मग धरणं मोजलंच जात नाही. त्यापेक्षा 3150 हर्ट्झचा सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड लावावी, सुई टेकलेली असताना 3140 दिसले की 0.3 टक्के कमी.

खानापूरकर:
थाळी जड घेतली तर हे जाईल काय हो?

टिळकवाडीकर:
नाही काका. जड थाळी अचानक बसणारा हिसका पचवते, जोरात आलेल्या तानेला स्पीड हलत नाही. पण सुई सारखीच धरून राहिली तर जड थाळीसुद्धा थोड्या वेळानं त्याच कमी स्पीडला येऊन बसते, तिथं मोटरच सावरणारी पाहिजे.

आणि उद्यमबागच्या दादांना सांगायचं राहिलं, काल त्याच रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यावर 100 फेरे मोजले. 180.4 आले. पानावर वाक्य टाकलंय: ‘सुई बाहेर जास्त धरते, आत कमी.’