मदत हवी आहे: सुट्टी एकदाच मिळते, लावणीला जाऊ की कापणीला?

नमस्कार मंडळी, मी राहते विक्रोळीत, माहेर माणगाव तालुक्यात. तिथे 30 गुंठे भात आहे, आई आणि दादा बघतात. दादाची कंपनीत शिफ्ट, मजूर मिळत नाहीत, मिळालेच तर हवे त्या दिवशी नाही, त्यामुळे मुंबईहून आम्ही चार-पाच टाळकी गेलो तरच लावणी उरकते.

गेल्या वर्षी आवण (लावणीसाठीची भाताची रोपं) मृगात पेरलं, 8 जूनच्या आसपास. आमचं जायचं ठरतंय आणि फिस्कटतंय, एकदा माझं ऑडिट, एकदा पावसाने ट्रेनच बंद, असं करत जुलैचा तिसरा शनिवार उजाडला. आवण 40 दिवसांचं, गुडघ्याच्या वर गेलेलं, मुळं इतकी गुंतलेली की उपटताना निम्मी तुटत होती. आई म्हणाली शेंडे छाटा आणि लावा. लावलं. हौशी मंडळी सगळी, एकेका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) सात-आठ काड्या, कोणी मनगटापर्यंत खुपसतंय, कोणी हातभर अंतरावर लावतंय. दादा माझ्यावर ओरडत होता, पण सगळ्यात वाकडी ओळ माझ्या नवऱ्याची होती आणि जावयाला कोण बोलणार!

गणपतीला गेले तेव्हा सहज नवे फुटवे मोजले. शेजारच्या खाचरात पण आमच्यासारखं जया जातीचंच भात, पण 22 दिवसांचं आवण लावलेलं, तिथे चुडाला 12-13 आणि आमच्यात धड पाच नाहीत. मग वर कापणी. भात दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधीच तयार झालेलं, पण सुट्टी दिवाळीची ना, म्हणून थांबलो आणि मधेच पाऊस आला. एक कोपरा आडवा पडून लोंब्यांना कोंब आले, उरलेलं कापताना दाणे झडले, गिरणीत कणीच कणी. पूर्वी 40 किलोची 24 पोती व्हायची, गेल्या वर्षी 15.

मला रजा एकदाच मिळणार, चार दिवस. जास्त नुकसान कशात झालं असेल? आणि नेरळच्या सगुणा बागेची एसआरटी, म्हणजे गादीवाफ्यावर थेट बियाण्याची टोकणी, चिखलणी नाही लावणी नाही, ती करावी का? आई म्हणते चिखल न करता भात होतो हे मला मरायच्या आधी बघायचंच आहे.

प्रतिसाद 1
ताई, लावणीला जा. जून, म्हणजे निबर झालेलं, आवण लावलं की फुटवे फुटायचे दिवस रोपवाटिकेतच संपतात, मग नंतर कितीही युरिया टाका. 21 ते 25 दिवसांचं आवण, चुडात 2-3 रोपं, आणि उथळ, दोन बोटं पुरे, खोल गेलं की फुटवे रखडतात. सुट्टी हलत नसेल तर पेरणी हलवा ना! आधी तारीख पक्की करा आणि तिथून 22-23 दिवस मागे मोजून पेरा. सगळं एकदम न पेरता आठ दिवसांच्या अंतराने दोन वाफे केले तर अजून बरं. तरीही आवण निबर झालंच तर चुडात 4-5 रोपं आणि जवळ जवळ लावा, फुटव्यांची थोडी भरपाई होते. एसआरटी आधी 5 गुंठ्यांवर करून बघा, त्यात सुरुवातीला तण फार छळतं.

प्रतिसाद 2
वरच्यांशी सहमत, पण कापणी दिवाळीवर ठेवू नका. लोंबीतले 80-90 टक्के दाणे पिवळे झाले की कापायचं, बुडाचे दोन-चार हिरवे असले तरी चालतं. पूर्ण वाळायची वाट बघितली की दाण्याला चिरा जातात, तुमची कणी तिथूनच आली. पाणी आठ-दहा दिवस आधी काढा, झड होत असेल तर सकाळी दव असताना कापा. कापणीला माणसं मिळतात हो, लावणीला नाही मिळत.

धागाकर्ती
दादाला फोन केला. म्हणतो पेरणी पुढे ढकलू, पण उशिरा पेरलं की कापणीही लांबेल, मग जयाऐवजी हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, कर्जत-3 घेऊ, ते 115-120 दिवसांत येतं. पटतंय का तुम्हाला? आणि चारसूत्री पद्धतीसाठी (ठरावीक अंतरावर लावणी आणि मधे खताची गोळी) दोरी आणलीये, खुणा किती अंतरावर करू? यंदा दोरी जावईच धरणार.

प्रतिसाद 2
पटतंय, फक्त फार आधी पेरू नका, नाहीतर हळवं भात भर पावसात पिकेल. खुणा 15 आणि 25 सेंटीमीटर, आलटून पालटून. 15 च्या चौकोनात चार चूड येतात, त्यांच्या मधोमध एक ब्रिकेट (युरिया-डीएपी खताची गोळी), चिखलात बोटभर खोल दाबायची. लावणीच्या दिवशीच.