कामाच्या चिडचिडीत देवाचं सान्निध्य कसं ओळखावं?

प्रश्न: सकाळची प्रार्थना होते, पण काम सुरू झालं की देव आठवतच नाही, उरते ती चिडचिड. नेमकं काय करावं?

उत्तर १: संत इग्नेशियस लोयोला (जेझुइट संघाचे संस्थापक) यांच्या पद्धतीचं आत्मपरीक्षण करा, दुपारी आणि रात्री, १०-१५ मिनिटं. आधी आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने पाहायचा, क्षमा मागायची आणि पुढच्यासाठी एकच निश्चय. बहुतेक जण आभार गाळून थेट चुकांवर येतात. मग नुसतं स्वतःला कोसणं होतं. राग आला तो क्षण तर मुळीच वगळू नका. तिथेच थांबून विचारा: मला काय हवं होतं? प्रभू काय सुचवत होता?

उत्तर २: सोबत, काम हाती घेताना ते अडथळ्यांसकट येशूला अर्पण करा. दुपारी १२ वाजता आंजेलुस (देवदूताने मारियेला दिलेल्या संदेशाची आठवण करणारी छोटी प्रार्थना) म्हणा, तीन ‘नमो मारिया’ (मारियेला केलेली प्रार्थना) सह. फोनवर गजर लावा, नाहीतर राहतंच.

उत्तर ३: भडका उडाल्यावर लांब प्रार्थना जमत नाही. ‘प्रभू येशू, दया कर’ एवढंच श्वासागणिक म्हणा. आणि राग मनात येणं हे आपोआप पाप नव्हे. तो जाणूनबुजून जोपासला की प्रश्न. अन्याय होत असेल तर प्रार्थना करून तोंडही उघडा.